पहिली तारीख खोडू नका!

मिठबावहून मुंबईला जायचं, तर आपण कणकवलीला कोकण रेल्वे पकडतो. 1990 मध्ये महामंडळ स्थापन झालं, तेव्हा काम पाच वर्षांत संपवायचं ठरलं होतं. पूर्ण मार्ग सुरू झाला 26 जानेवारी 1998ला! पेडण्याच्या बोगद्यातल्या भुसभुशीत मातीनं बराच वेळ खाल्ला. हा उशीर आज मोजता येतो, कारण मूळ मुदत नोंदलेली आहे. सॉफ्टवेअरमध्ये तिलाच ‘बेसलाइन’ म्हणतात.

फायनल इयरचं प्रोजेक्ट लांबलं की आपण काय करतो? जुनी तारीख खोडून नवी टाकतो. मग सगळं ‘वेळेत’च दिसतं! त्यापेक्षा नवं वेळापत्रक वेगळ्या बेसलाइनमध्ये सेव्ह करा. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये तशा 11 ठेवता येतात. कुठे, किती घसरलो, ते पहिलीच सांगते.