परमुलखातील सायकलस्वार

धारवाडहून बेळगावकडे निघालेला महामार्ग बेलूरच्या औद्योगिक वसाहतीला लागून जातो. तेथे सकाळी पाळी बदलण्याच्या सुमारास उभे राहिले, तर मोटारी, बसगाड्या आणि मालमोटारी यांच्यासाठी आखलेल्या त्या प्रशस्त रस्त्याच्या कडेने, घंटी नसलेल्या, दिवा केव्हाच निखळलेल्या आणि हँडलला जेवणाचा डबा लटकवलेल्या सायकलीवरून निमूटपणे चाललेला कामगार दृष्टीस पडतो, आणि त्याच्याकडे कायद्याचे लक्ष नाही व कायद्याकडे त्याचे नाही हे ध्यानात यायला फार वेळ लागत नाही. लांबचा वळसा वाचावा म्हणून तो सेवारस्त्याने उलट्या दिशेने येतो, वाटेत सोबती भेटला तर त्याला मागच्या कॅरिअरवर घेतो, आणि यांपैकी कशासाठीही त्याला कोणी हटकीत नाही.

नेहमी असेच होते असे मात्र नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबईच्या अमलाखाली होता, आणि त्या मुलखात सायकलस्वार हा सरकारदरबारी चांगलाच दखलपात्र प्राणी होता. पुण्यासारख्या शहरांत सायकलीवर नगरपालिकेचा कर असे व तो भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला सायकलीला अडकवावा लागे. अंधार पडल्यावर दिवा नसला तर चौकातला शिपाई शिट्टी फुंकी. आणि डबलसीट जाताना सापडलेल्या दोघांवर, गयावया करूनही साहेबांचे मन न द्रवल्यास, हवा सोडलेल्या चाकाची सायकल हाताने ढकलीत घर गाठण्याचा प्रसंग येई. वाहतुकीचे असे नियम करण्याचा अखत्यार १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या ३३ व्या कलमाने अधिकाऱ्यांना दिलेला होता. पुढे रस्त्यांवर मोटारींचे राज्य आले, १९८८ चा मोटार वाहन कायदा नावाप्रमाणेच मोटारीचा विचार करणारा झाला, बिल्ले गेले, शिपायांच्या शिट्ट्या इतरत्र वाजू लागल्या, आणि सायकल कायद्याच्या दप्तरातून जवळजवळ खारीज झाली. आपल्या आजच्या सवयी या औदासीन्यात वाढलेल्या आहेत. शिक्षणासाठी जर्मनीस निघालेला विद्यार्थी, कारखान्यातर्फे युरोपात प्रशिक्षणाला जाणारा अभियंता, किंवा मुलाकडे काही महिने राहावयास निघालेले निवृत्त गृहस्थ, हे सगळे त्या सवयी सामानाबरोबर घेऊन जातात, आणि जेथे सायकल हे पूर्ण अर्थाने वाहन व तिच्यावर बसलेला मनुष्य पूर्ण अर्थाने वाहनचालक मानला जातो अशा मुलखात उतरतात.

सायकलीला वाहनाचा हा दर्जा मिळाल्याची हकीकत इंग्लंडात मोठी मौजेची आहे. पदपथावर गाडी चालविण्यास तेथे जो मज्जाव आहे तो १८३५ च्या महामार्ग कायद्याच्या ७२ व्या कलमान्वये, म्हणजे आजच्या अर्थाची सायकल जन्मास येण्यापूर्वीचा. पुढे १८८८ च्या स्थानिक स्वराज्यविषयक कायद्याने सायकल ही ‘गाडी’ आहे असे जाहीर केले, आणि त्या एका वाक्यासरशी गाड्यांचे हक्क व गाड्यांवरील बंधने ही दोन्ही तिच्या पदरात पडली. लंडनमध्ये रहदारी चुकविण्यासाठी सहज पदपथावर चढलेल्या सायकलस्वाराला आजही दंड होतो, तो मूळच्या घोडागाड्यांच्या काळातील या कलमाच्या आधारे. हक्क आणि बंधन बरोबरीनेच येतात हे एकदा उमगले की परदेशांतील पुष्कळसे नियम, वरवर कितीही जाचक वाटले तरी, सुसंगत दिसू लागतात.

सर्व देशांना समान असे काही नाहीच असे नव्हे. रस्ते-वाहतुकीविषयी १९६८ मध्ये व्हिएन्ना येथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला त्याच्या ४४ व्या कलमात सायकलीला कार्यक्षम ब्रेक, पुरेशा अंतरावर ऐकू जाईल अशी घंटी, मागे प्रकाश परावर्तित करणारे लाल साधन, तसेच पुढे पांढरा किंवा पिवळा आणि मागे लाल दिवा लावण्याची सोय असावी असे सांगितले आहे. भाड्याने घेतलेल्या सायकलीवर एवढ्या वस्तू जागेवर व चालू स्थितीत आहेत की नाहीत हे दुकानातच पाहून घेतले, तर निम्मा कायदा तेथेच पाळला गेला असे समजायला हरकत नाही. उरलेला निम्मा मात्र देशागणिक पालटतो.

हॉलंडचे उदाहरण घेऊ, कारण सायकलींचा स्वर्ग म्हणून त्या देशाची जी कीर्ती आहे तिच्यामुळे तेथे सारे काही चालते असा समज प्रवाशाच्या मनात सहज रुजतो. तो स्वर्ग आपोआप अवतरलेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारींची रेलचेल झाली, १९७१ साली रस्त्यांवरील अपघातांत सुमारे ३,३०० माणसे मृत्युमुखी पडली व त्यांत शेकडो मुले होती, आणि पुढच्याच वर्षी, अपघातात मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराच्या लेखातून ‘बालहत्या थांबवा’ या अर्थाच्या नावाची चळवळ उभी राहिली. आजचे स्वतंत्र सायकलमार्ग हे बऱ्याच अंशी त्या क्षोभाचे फळ होय, आणि तेथील उत्तरदायित्वाचा कायदाही त्याच वृत्तीशी सुसंगत आहे: मोटारीची सायकलीस धडक बसली, तर दैवी आपत्तीसारखी सबब सिद्ध केल्याखेरीज मोटारवाल्याची सुटका नाही, सायकलस्वार चौदा वर्षांच्या आतील असेल तर जवळजवळ संपूर्ण, आणि मोठा असेल तर त्याची चूक असली तरी साधारणतः निदान निम्मी भरपाई मोटारवाल्याकडून येते. मात्र नुकसानभरपाईत दाखविलेली ही ममता दंडाच्या बाबतीत दाखविली जात नाही. निळ्या वर्तुळात पांढरी सायकल काढलेली पाटी दिसली की त्या मार्गानेच गेले पाहिजे; रस्त्यावर रंगविलेली पांढऱ्या त्रिकोणांची रांग, जिला तेथील लोक शार्क माशाचे दात म्हणतात, समोर आली की आडव्या वाहनास आधी जाऊ द्यावे लागते; आणि जुलै २०१९ पासून सायकल चालविताना हातात फोन धरणे हा दंडनीय गुन्हा ठरला आहे. याच्या उलट, आपल्याकडे ज्यासाठी पूर्वी चाकातील हवा जाई ते डबलसीट तेथे खुशाल चालते, मोठी माणसे कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसलेली दिसतात, आणि साध्या सायकलीवर शिरस्त्राण घालण्याची सक्ती नाही. ती सक्ती पाहावयाची असेल तर ऑस्ट्रेलियात जावे: व्हिक्टोरिया प्रांताने १ जुलै १९९० रोजी जगात प्रथम ती केली, आणि न्यू साउथ वेल्सने २०१६ मध्ये तिच्या भंगाचा दंड ७१ डॉलरवरून एकदम ३१९ डॉलरवर नेला.

खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्यास प्रथम जाऊ द्यावे हा युरोप खंडातील पुष्कळ देशांचा दंडक नवख्यास फार चकवतो. हॉलंडमध्ये २००१ पासून उजवीकडून येणाऱ्या सायकलस्वारालाही तो मान आहे. आपल्या १९८९ च्या रस्तानियमांतही उजवीकडच्या वाहनास वाट देण्याची तरतूद होती हे सांगितले, तर हुबळीच्या चौकात नित्य वावरणारा वाचक माझ्याकडे संशयाने पाहील. शिवाय इंग्लंड, जपान, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर असे काही देश सोडले तर बहुतेक ठिकाणी रहदारी उजव्या बाजूने चालते, आणि सायकलीवर ही अदलाबदल मोटारीपेक्षा अधिक घातक ठरते, कारण पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर बाजू दाखवायला पुढे दुसरे वाहन नसले की जन्मभराची सवय स्वाराला बेमालूमपणे डावीकडे नेते. डेन्मार्कमध्ये डावीकडे वळणाऱ्या सायकलस्वाराने मोटारींबरोबर थेट वळायचे नसते. चौक सरळ ओलांडून पलीकडच्या कोपऱ्यावर जायचे आणि तेथून दुसऱ्या टप्प्यात वळायचे असते, व थांबण्यापूर्वी हात वर करून मागच्यांना सूचना द्यायची असते.

जर्मनीचा कायदा मद्याच्या बाबतीत विशेष कडक आहे. रक्तातील मद्याचे प्रमाण हजारी १.६ वर गेले की सायकलस्वारही फौजदारी गुन्हेगार ठरतो. वेडीवाकडी सायकल चालविली किंवा अपघात झाला तर ०.३ देखील पुरे होते. आणि यातून त्याच्या मोटार चालविण्याच्या परवान्यावरही गंडांतर येऊ शकते, ही गोष्ट ‘सायकल तर आहे’ अशा समजुतीत वावरणाऱ्यास ठाऊक नसते. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: मोठ्यांना तेथे पदपथ वर्ज्य, पण स्वतंत्र सायकलमार्ग नसेल तर आठ वर्षांखालील मुलाने पदपथावरूनच सायकल चालविली पाहिजे.

दर चार वर्षांनी भरणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या १,२०० किलोमीटरच्या यात्रेला हल्ली आपल्याकडील दीर्घ पल्ल्याचे सायकलपटूही जातात. नव्वद तासांच्या मुदतीत रात्री अर्थातच येतात, आणि फ्रान्सच्या कायद्याने वस्तीबाहेर रात्री चमकणारे जाकीट घालणे बंधनकारक आहे. २०१५ पासून कानात यंत्र घालून गाणी ऐकत जाण्यालाही बंदी असून तिचा दंड १३५ युरो आहे. त्याहून अवघड परीक्षा अमेरिकेची. पश्चिम किनाऱ्यावरील ओशनसाइडपासून त्या काळी पूर्वेच्या ॲनापोलिसपर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर धावणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये जोडीने, आणि नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने पूर्ण केली. वाटेत तेव्हा बारा राज्ये लागत, आणि रस्त्याचा कायदा हा तेथे राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. स्पर्धकास स्थानिक कायदा पाळणे बंधनकारक असते, थांबण्याची पाटी दिसल्यावर झोपेने डोळे मिटत असले तरी थांबावेच लागते, आणि नियमभंगाची किंमत वेळेच्या दंडाने मोजावी लागते. आयडाहो राज्याने मात्र १९८२ पासून सायकलस्वाराला त्याच पाटीपाशी, दोन्हीकडे पाहून, न थांबता पुढे जाण्याची मुभा दिली आहे! एकाच देशात सरहद्द ओलांडली की कालची मुभा आजचा अपराध होते, आणि पोलिसापुढे ‘मला ठाऊक नव्हते’ ही कैफियत चालत नाही.

जपानमध्ये आपला जुना बिल्ला निराळ्या वेषात भेटतो. तेथे प्रत्येक सायकलीची पोलिसांकडे नोंद असावी लागते, तिची खूण चौकटीवर चिकटवलेली असते, आणि मित्राकडून सायकल घेताना ही नोंद आपल्या नावे करून घेतली नाही तर रस्त्यात अडवून चौकशी होण्याचा संभव असतो. नोव्हेंबर २०२४ पासून फोन पाहत सायकल चालविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. एका हाताने छत्री धरून जाणे, जे आपल्या पावसाळ्यात कौशल्याचे लक्षण समजले जाते, तेही तेथे निषिद्ध आहे.

अलीकडे सर्वांत जास्त फसगत होते ती विजेच्या सायकलींची. पाव किलोवॉटपर्यंतची व ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत राहणारी विजेची गाडी आपल्याकडे मोटार वाहनात धरली जात नाही, म्हणून पायडल न मारता नुसती मूठ पिळून चालणाऱ्या गाड्या शाळकरी मुलेदेखील बिनपरवाना चालवितात. युरोपीय संघातही २५० वॉट आणि ताशी पंचवीस किलोमीटर हीच मर्यादा आहे, परंतु यंत्राने साह्य करावयाचे ते स्वार पायडल मारीत असेल तरच. मुठीवर आपोआप धावणारी गाडी तेथे मोपेड ठरते आणि तिला नोंदणी, विमा व परवाना ही सगळी लागतात. ती नसताना अपघात झाला तर प्रवासापूर्वी हौसेने काढलेला प्रवासी विमाही हात झटकण्याचा संभव असतो. म्हणून विम्याच्या दस्तऐवजात सायकलीविषयी काय लिहिले आहे ते निघण्यापूर्वीच वाचावे, आणि परदेशात गाडी भाड्याने घेताना ती तेथील कायद्याने सायकल आहे की मोपेड, हे दुकानदाराकडून पावतीवर लिहून घ्यावे.