‘टक्’ झालं की नाही?

‘गाडी चालू होत नाही’ एवढं सांगून नाशिकच्या वायरमनकडून उत्तर मिळत नाही. तो उलट विचारतो, “सेल्फ फिरतो पण इंजिन उठत नाही, की सेल्फच फिरत नाही?” पहिलं असेल तर डिझेल, हवा, पंप, नोझल बघायचे, ते दुखणं दुसऱ्याचं. सेल्फच फिरत नसेल तर रुग्ण त्याचा. आणि इंजिन नुकतंच बदललेलं असेल तर पुढचा प्रश्न ठरलेला: “बसवलं कोणी?”

इंजिनबदल नाशिकला नवा नाही. महिंद्रांनी 1947 मध्ये विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या घराण्यातल्या जुन्या जीपमध्ये हरिकेन हे सुमारे 2200 सीसीचं पेट्रोल इंजिन असायचं. ताकदीला उत्तम, पण पेट्रोल प्यायला अट्टल. 1979 मध्ये महिंद्रांनी फ्रान्सच्या प्यूजोकडून एक्सडीपी 4.90 या 2112 सीसी डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. पुढे घाटमाथ्यावर इगतपुरीत कंपनीचा इंजिन कारखाना आला. नाशिकच्या सातपूरला जीप, पुढे 2002 पासून स्कॉर्पिओ. मायको सर्कल हे नाव ज्या कंपनीमुळे पडलं तिचा, म्हणजे आजच्या बॉशचा, नोझल-इंजेक्टरचा कारखानाही सातपूरलाच. अशा गावात जुन्या पेट्रोल जीपच्या पोटात डिझेल इंजिन बसवणारे हात तयार झाले नसते तरच नवल.

मात्र इंजिन बसवणारा आणि वायर जोडणारा हे दोन वेगळे कारागीर असतात, आणि घोळ बहुधा या दोघांच्या मधल्या जागेत होतो. फिटर चेनब्लॉकने इंजिन उतरवतो, माउंटिंग कसतो, पाणी-ऑइल भरतो. चावी फिरवली की शांतता. मालकाचा चेहरा पडतो. स्क्रॅपमधून आणलेलं इंजिनच जाम निघालं, असं तो धरून चालतो.

वायरमन आधी कान लावतो. चावी फिरवल्यावर काहीच आवाज नाही, म्हणजे सोलेनॉइडपर्यंत, सेल्फला करंट सोडणाऱ्या चुंबकी स्विचपर्यंत, हुकूमच पोचत नाही: फ्यूज, चावीचा स्विच, रिले किंवा लावायची राहिलेली बारीक वायर. टकटकटक असा झपाट्याने आवाज आला तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. एकच ठसठशीत ‘टक्’ आणि पुढे काही नाही, तर सोलेनॉइड ओढतोय पण मोटर फिरत नाही. मग हेडलाइट लावून पुन्हा चावी. लाइट एकदम मेला तर करंट खूप ओढला जातोय किंवा बॅटरीपाशीच जोड कच्चा. तसाच झगझगीत राहिला तर करंट पुढे जातच नाहीये. इंजिन खरंच जाम आहे का, हे बघायला मीटरही लागत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावायचा. फिरलं की निम्मी भीती गेली.

आता अर्थिंग. इंजिनबदलानंतरच्या मुक्या सेल्फमध्ये माझा पहिला संशय कायम हिच्यावर. सेल्फ मोटरला प्लसची जाड केबल दिसते. मायनसची केबल तिच्यावर नसते. करंट मोटरच्या अंगातून इंजिन ब्लॉकमध्ये उतरतो आणि तिथून बॅटरीच्या मायनसकडे परततो. इंजिन मात्र रबराच्या माउंटिंगवर बसलेलं. रबरातून वीज जात नाही, म्हणून ब्लॉक आणि चेसिस यांच्यामध्ये तांब्याची विणलेली पट्टी असते. इंजिन उतरवताना ती सुटते आणि कोपऱ्यात पडून राहते. नाहीतर हौशी मालकाने चेसिसला काळाकुळकुळीत रंग मारून घेतलेला असतो आणि पट्टी त्या रंगावर कसलेली असते. दिसायला देखणी, कामाला शून्य. मग दोनशेच्या आसपास अँपिअर परतीची वाट शोधत ॲक्सिलरेटरच्या केबलमधून धावू बघतात. ती केबल हाताला गरम लागली, किंवा तिच्यातून धूर निघाला, की निदान झालंच.

तपासणी सोपी आहे. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खांबावर, दुसरं उघड्या ब्लॉकवर, आणि कुणालातरी चावी फिरवायला सांगायची. पाव-अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर परतीची वाट खराब. दहा-बाराच्या घरात गेला तर वाटच नाही. मीटर नसेल तर जंपर केबल मायनसपासून थेट ब्लॉकला लावायची. गाडी गर्रकन फिरली तर सेल्फ खोलायचं कारण उरत नाही. तरीही अनेक ठिकाणी आधी सेल्फ खोलतात, कार्बन-बुश बदलतात, बिल होतं आणि गाडी जिथल्या तिथे. ही सवय मला अज्ञानापेक्षा घाईची वाटते.

पेट्रोलचं डिझेल केलेल्या गाडीत आणखी एक मेख असते. डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त, म्हणून सेल्फ दणकट आणि बॅटरी मोठी लागते. जुनी बारीक मेन केबल तशीच ठेवली तर बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते आणि सेल्फपाशी पोचेपर्यंत त्यातलं बरंच वाटेत जिरतं. एका इंजिनाचा सेल्फ दुसऱ्याच्या फ्लायव्हीलवर चढवला तर पिनियनचे दात रिंगला धड भिडत नाहीत. एकतर नुसती घरघर, नाहीतर अडकून ‘टक्’.

नव्या गाड्यांनी खेळ बदलला. चावीतली चिप, इमोबिलायझर, क्लच दाबल्याशिवाय सेल्फ न देणारा स्विच. इंजिनासोबत दुसऱ्या गाडीचा ईसीयू आला आणि चावी त्याच्याशी जुळली नाही, की काही गाड्यांत रिले ओढतच नाही. तिथे स्कॅनर लागतो. पण स्कॅनरला सुटलेली अर्थिंगची पट्टी दिसत नाही. मोठमोठ्या कोडांची यादी मात्र तो हौसेने देतो. म्हणून जुने वायरमन अजून टेस्ट लॅम्प खिशात ठेवतात: एक बल्ब, एक वायर, एक टोचा.

गाडी फिरली की पैसे देऊन निघायची घाई असते. तेवढ्यात नव्या इंजिनाचा नंबर वहीत उतरवून घ्यावा आणि इंजिन विकणाऱ्याची पावती जपावी. पेठ रोडच्या आरटीओत नोंद करून नंबर आरसीवर चढवला नाही, तर गाडी विकताना किंवा विम्याचा दावा करताना तोच नंबर आडवा येतो.