तीस लाखांत चोवीस बळी

पुण्याच्या आयपीएल संघांचा विषय कट्ट्यावर निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. 'बेन स्टोक्सवर साडेचौदा कोटी उधळले म्हणून २०१७ची फायनल गाठली,' हे पहिलं आणि 'ती एका धावेनं घालवली' हे दुसरं. दुसरं निर्विवाद खरं आहे. पहिल्यात मात्र त्या संघाची अर्धी गोष्टच गायब होते. रायझिंग पुणे सुपरजायंटला अंतिम फेरीपर्यंत नेण्यात स्वस्तात उचललेल्या गोलंदाजांचा वाटा मोठा होता. त्यांतला कुणी लिलावाच्या उरल्यासुरल्या पैशांत आला, कुणी अदलाबदलीत, तर कुणी दुसऱ्याच्या दुखापतीमुळे.

अमेरिकेतले बेसबॉल क्लब अशी स्वस्तातली जमवाजमव दर हिवाळ्यात करतात. सामना सुरू करणारा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, थकला किंवा मार खाऊ लागला की त्याच्या जागी ताज्या दमाचे पिचर एकामागून एक येतात. त्यांच्या ताफ्याला तिथे बुलपेन म्हणतात. मैदानाच्या कडेला ज्या जागेत ते हात मोकळे करतात, तिचंही नाव तेच. मेजर लीगच्या संघात २६ खेळाडू असतात आणि त्यांत साधारण आठ जण या ताफ्यातले. मोठे पैसे सुरुवातीच्या पिचरवर आणि फलंदाजांवर खर्च होतात. बुलपेन बरेचदा एक वर्षाच्या स्वस्त करारांवर आणि इतरांनी सोडून दिलेल्यांवर भरलं जातं. पुण्याच्या २०१७च्या संघाची रचना जवळजवळ अशीच होती. ती समजली नाही की पुढचे गैरसमज तयार होतात.

गैरसमज : स्टोक्समुळे फायनल गाठली

स्टोक्स त्या हंगामाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला, ३१६ धावा आणि १२ बळी. १ मे २०१७ रोजी पुण्याजवळच्या गहुंज्याच्या मैदानावर गुजरात लायन्सविरुद्धचं त्याचं नाबाद शतक ज्यांनी स्टँडमधून पाहिलं, त्यांच्याशी वाद घालायची माझी हिंमत नाही. पण बाद फेरी सुरू होण्याआधीच तो इंग्लंडच्या संघाकडे परतला होता. १६ मेला वानखेडेवर मुंबई इंडियन्सला २० धावांनी हरवून पुण्यानं अंतिम फेरी गाठली, तेव्हा स्टोक्स मैदानात नव्हता. सामनावीर ठरला तो १७ वर्षांचा वॉशिंग्टन सुंदर. चार षटकांत १६ धावा देऊन त्यानं रोहित शर्मा, अंबाती रायुडू आणि कायरन पोलार्ड यांना बाद केलं. रविचंद्रन अश्विन दुखापतीमुळे हंगामाला मुकला, म्हणून सुंदरला बदली खेळाडू म्हणून घेतलं होतं.

आता बळींचा हिशेब मांडू. जयदेव उनाडकट २४, इम्रान ताहिर १८. उनाडकटला पुण्यानं ३० लाखांना घेतलं होतं, म्हणजे एका बळीला सव्वा लाख. स्टोक्सचा असाच भागाकार केला तर एक बळी एक कोटी वीस लाखांना पडतो. पण तो फलंदाजीही करत होता, त्यामुळे हा हिशेब त्याच्यावर अन्याय करणारा आहे. तो मी इथे दिला तो फक्त फरक केवढा होता हे कळावं म्हणून.

गैरसमज : स्वस्तात मिळाला, म्हणजे माल कमअस्सल

हा समज सर्वांत चिवट. लिलावातली किंमत खेळाडूच्या गुणांवर ठरते, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ती ठरते त्या क्षणी तसा खेळाडू किती जणांना हवा आहे आणि त्यांच्या खिशात किती उरलंय यावर. संध्याकाळी मंडई उठायच्या वेळेला मेथीची जुडी निम्म्या भावात मिळते, त्यात मेथीचा काही दोष नसतो.

ताहिरचंच पाहा. २०१७च्या फेब्रुवारीत बंगळुरूला लिलाव झाला तेव्हा तो जागतिक क्रमवारीत अव्वल होता. मूळ किंमत ५० लाख. तरी एकाही संघानं बोली लावली नाही. अकरा जणांत परदेशी चारच खेळवता येतात, बहुतेक संघांची ती गणितं आधीच जुळलेली होती आणि सदतीस वर्षांच्या लेगस्पिनरसाठी ती मोडायला कुणी तयार नव्हतं. पुढे पुण्याच्या मिचेल मार्शला दुखापत झाली आणि पुण्यानं ताहिरला बदली म्हणून बोलावलं. ६ एप्रिलला गहुंज्यात मुंबईविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्यानं तीन बळी घेतले.

उनाडकटही काही गल्लीतून उचललेला पोर नव्हता. २०१० साली सेंच्युरियनला तो भारतासाठी कसोटी खेळला होता आणि आयपीएलमधल्या तीन संघांनी त्याच्यावर कोटींच्या घरात पैसे लावून पाहिले होते. वेग फार नाही, मग कशाला घ्या, असा एकूण सूर. पुण्याला मात्र त्याच्या डावखुऱ्या हातातून सुटणारे संथ कटर हवे होते.

गैरसमज : स्वस्त गोलंदाज म्हणजे संघाचा आकडा पूर्ण करणारी भरती

भरतीच करायची असती तर पुण्यानं आधीचेच गोलंदाज ठेवले असते. २०१६च्या संघात ईशांत शर्मा ३ कोटी ८० लाखांचा होता. महेंद्रसिंग धोनी कर्णधार असलेला तो संघ १४ पैकी पाचच सामने जिंकून सातवा आला. हंगाम संपल्यावर ईशांत, इरफान पठाण, केविन पीटरसन अशी नावं मोकळी केली गेली. लिलावाला पुणे उतरलं ते साडेसतरा कोटी घेऊन. त्यातले साडेचौदा स्टोक्सवर गेले. राहिलेल्या तीन कोटींत डॅन ख्रिश्चन, लॉकी फर्ग्युसन, मनोज तिवारी, उनाडकट आणि दहा-दहा लाखांची काही पोरं बसवली. त्या पोरांतच महाराष्ट्राकडून खेळणारा राहुल त्रिपाठी होता. तो फलंदाज असल्यामुळे इथे त्याचा उल्लेख फक्त ओघात. एरवी १० लाखांत ३९१ धावा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मार्चमध्ये पालघरचा शार्दूल ठाकूर पंजाबकडून अदलाबदलीत आला. लेगस्पिनर ॲडम झाम्पा आधीच्या वर्षीचाच होता, ३० लाखांचा. आता एकेकाचं काम पाहा. सुंदर नव्या चेंडूवर धावा रोखायचा, मधल्या षटकांत ताहिर बळी काढायचा, ठाकूर आखूड आणि वेगवान मारा करायचा आणि शेवटच्या षटकांसाठी उनाडकट होता. एकाचं काम दुसऱ्याच्या कामात येत नव्हतं. बेसबॉलचे व्यवस्थापक बुलपेन लावताना नेमका हाच विचार करतात : डावखुऱ्या फलंदाजासमोर कोण, सातव्या डावात कोण, शेवटच्या तीन गड्यांसाठी कोण.

६ मेचा हैदराबादमधला सामना या आखणीचा कळस म्हणावा लागेल. पुण्याच्या धावा फक्त १४८. सनरायझर्सला शेवटच्या षटकात १३ हव्या होत्या. उनाडकटनं ते षटक निर्धाव टाकलं आणि त्यात हॅट्ट्रिकही घेतली. टी-ट्वेंटीत विसावं षटक निर्धाव! त्या दिवशीचे त्याचे आकडे होते ३० धावांत ५ बळी.

गैरसमज : 'मनीबॉल' म्हणजे स्वस्तात संघ उभा करणं

ब्रॅड पिटच्या त्याच नावाच्या चित्रपटानं हा समज जगभर पसरवला आणि आपल्याकडच्या क्रिकेटचर्चेतही तो रुजला. चित्रपटातला ओकलंड ॲथलेटिक्स हा २००२चा संघ सलग २० सामने जिंकला, हे खरं. जवळजवळ जमिनीलगत हात नेऊन चेंडू फेकणारा चॅड ब्रॅडफर्ड त्यांना स्वस्तात मिळाला होता, कारण त्याची शैली पाहून जाणकार नाकं मुरडत. पण याच संघात टिम हडसन, मार्क मुल्डर आणि बॅरी झिटो हे तिघे अव्वल पिचर होते, याचा चित्रपटात जेमतेम उल्लेख आहे. झिटोला त्या वर्षीचा सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला आणि मिगेल तेहादा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. स्वस्त माणसं या पायावर उभी होती.

पुण्यातही पाया महागाचाच होता. कर्णधार स्टीव्ह स्मिथनं ४७२ धावा केल्या, अजिंक्य रहाणे, धोनी, स्टोक्स होतेच. नुसत्या तीस लाखवाल्यांवर संघ उभा राहतो असं कुणी सांगू लागलं तर विश्वास ठेवू नये. उलट बाजूही पुण्यानं पाहिली आहे. २०११च्या पुणे वॉरियर्सनं रॉबिन उथप्पावर २१ लाख आणि युवराजसिंगवर १८ लाख डॉलर मोजले आणि दहा संघांत नववा क्रमांक पटकावला. त्या पडझडीतही १६ बळी घेऊन राहुल शर्मा हा लेगस्पिनर चमकला. भारताकडून न खेळलेल्यांना तेव्हा ठरावीक लाखांतच करारबद्ध केलं जाई, त्यांतला तो एक.

गैरसमज : फायनल गोलंदाजांनी घालवली

हे फार ताणायची गरज नाही. २१ मे २०१७, हैदराबाद. मुंबईची अवस्था एका टप्प्यावर ७ बाद ७९ आणि शेवटी ८ बाद १२९. उनाडकटचे १९ धावांत दोन बळी. सुंदरच्या चार षटकांत १३ धावा. १३० करायच्या होत्या, झाल्या १२८. घालवली कुणी, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

गैरसमज : एकदा सापडलेला गोलंदाज दरवर्षी तेवढेच बळी घेतो

२०१८च्या लिलावात राजस्थान रॉयल्सनं उनाडकटला साडेअकरा कोटींना घेतलं. त्या लिलावातला तो सर्वांत महागडा भारतीय खेळाडू. पंधरा सामन्यांत त्यानं ११ बळी घेतले आणि षटकामागे साडेनऊहून जास्त धावा दिल्या. पुढच्या हंगामाआधी राजस्थाननं त्याला सोडलं आणि लिलावात पुन्हा स्वतःच घेतलं, ८ कोटी ४० लाखांना!

तो बिघडला, पैशानं डोकं फिरलं, असं तेव्हा बरंच बोललं गेलं. मला कारण जास्त साधं वाटतं. पुण्याकडून उनाडकटनं सबंध हंगामात टाकली जेमतेम ४६ षटकं, म्हणजे पावणेतीनशेच्या आसपास चेंडू. त्यातले चार-पाच झेल सुटले असते, दोन-तीन यॉर्कर बॅटच्या मधोमध आले असते, तरी आकडे बदलले असते. इतक्या थोड्या चेंडूंवरून पुढच्या वर्षीचा अंदाज बांधणं धोक्याचं असतं. बुलपेनमधल्या पिचरचंही तसंच. वर्षभरात त्यांच्या वाट्याला साठ-सत्तर डावांची पिचिंग येते आणि यंदाचा हिरो पुढल्या वर्षी ओळखू येत नाही. म्हणून शहाणे क्लब त्यांच्याशी लांबलचक महागडे करार करायचं टाळतात. चार-सहा स्वस्त माणसं घेतात आणि त्यांतली दोन चालली तरी समाधान मानतात.

अर्थात बेसबॉलच्या हंगामात १६२ सामने असतात. एप्रिलमध्ये फसलेला पिचर मे महिन्यात खालच्या लीगमध्ये पाठवता येतो. आयपीएलच्या साखळीत तेव्हा संघामागे १४ सामने होते आणि बदली खेळाडू मिळायचा तो बहुधा कुणी जायबंदी झाल्यावरच. पुण्यानं पहिल्या चारपैकी एकच सामना जिंकला होता. आणखी दोन हरले असते तर या खरेदीला आज कुणी हुशारी म्हटलं नसतं. त्याआधीच्या वर्षी, १० मे २०१६ रोजी, झाम्पानं हैदराबादचे १९ धावांत सहा बळी घेतले, तरीही पुणे चार धावांनी हरलं. तो 'घरचा' सामनाही पुण्यात नव्हता. दुष्काळामुळे न्यायालयानं महाराष्ट्रातले सामने बाहेर हलवायला लावले होते, म्हणून विशाखापट्टणमला झाला. त्या सहा बळींची खरेदी आज फारशी कुणाला आठवत नाही.

गैरसमज : संघ विसर्जित झाला, विषय संपला

दोन वर्षांच्या निलंबनानंतर २०१८ साली चेन्नई आणि राजस्थान परतले आणि त्यांच्या जागी आलेल्या पुण्याचा करार ठरल्याप्रमाणे संपला. प्रशिक्षक स्टीफन फ्लेमिंग आणि धोनी चेन्नईला गेले. जाताना पुण्याच्या गोलंदाजांची यादी त्यांच्या खिशात असावी. ठाकूरला त्यांनी २ कोटी ६० लाखांना घेतलं, ताहिरला एक कोटीला आणि पुण्यात फारशी संधी न मिळालेल्या दीपक चहरला ८० लाखांना. त्याच एप्रिलमध्ये कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने हलवावे लागले, ते कुठे? तर गहुंज्यात. २० तारखेला तिथे ठाकूर आणि चहर पिवळ्या जर्सीत उतरले, समोर साडेअकरा कोटींच्या उनाडकटचं राजस्थान. चेन्नईनं तो सामना ६४ धावांनी जिंकला आणि पुढे चषकही. ताहिरनं २०१९ मध्ये चाळिशीत २६ बळी घेऊन सर्वाधिक बळींची पर्पल कॅप मिळवली. चहरचा भाव चढत गेला आणि २०२२च्या लिलावात चेन्नईनं त्याच्यासाठी १४ कोटी मोजले. दुखापतीमुळे त्या हंगामात त्याला एकही चेंडू टाकता आला नाही.