धाराशिवला जेवायला थांबताय? मग काळं मटणच मागवा

सोलापूर किंवा तुळजापूरहून येताना धाराशिवला जेवायचा बेत असेल, तर चकचकीत मेन्यूकार्डातलं पनीर राहू द्या. इथली खरी ओळख काळं मटण आहे.

हा रंग येतो भाजण्यातून. सुकं खोबरं, कांदा आणि खडे मसाले चांगले काळपट होईपर्यंत भाजतात, मग वाटतात. भाजणं कमी पडलं तर रस्सा नुसता तांबडा आणि तिखट होतो, जास्त झालं तर कडवट लागतो. म्हणून गर्दीची खानावळ निवडा, तिथे वाटण रोज ताजं होतं. मटण उस्मानाबादी शेळीचं आहे का, हे जरूर विचारा. बहुतेक काळ्या रंगाची ही जात याच भागातली. कमी पावसाच्या मुलखात झाडपाल्यावर तगते आणि पुष्कळदा जुळी पिल्लं देते. कोरडवाहू शेतकऱ्याला तिचा केवढा आधार! सोबत ज्वारीची भाकरीच घ्या, चपाती या रश्शापुढे टिकत नाही.

शाकाहारी असाल तर येसराची आमटी मिळते का पाहा. येसर म्हणजे भाजलेली धान्यं-डाळी आणि मसाले दळून केलेलं पीठ. त्याची आमटी मराठवाड्यातल्या लग्नाच्या पंगतीत असतेच, हॉटेलात मात्र क्वचित दिसते. ती मेन्यूवर यायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

गोडाला कुंथलगिरीच्या खव्याचा पेढा. भूम तालुक्यातल्या या जैन सिद्धक्षेत्राच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खव्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पेढा घेताना आधी एक चाखा: खवा ताजा असेल तर तो दाणेदार लागतो आणि साखर मागे राहते.