भाजलेल्या बटाट्याची कोशिंबीर : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

बटाट्याच्या फोडींना तेल-मीठ चोळून त्या कोरड्या आचेवर खरपूस करायच्या, कोमट असतानाच लिंबू किंवा दह्याचा आंबटपणा द्यायचा आणि वाढायच्या वेळी ताजा सुवासिक पाला चिरून सढळ हाताने मिसळायचा. भाजलेल्या बटाट्याचे सॅलड ते एवढेच. नाव इंग्रजी असल्याने सातारा-सांगलीकडच्या स्वयंपाकघरांत ते हॉटेलातले, ओव्हनवाल्यांचे खाणे समजले जाते. प्रत्यक्षात कृष्णाकाठची वांगी निखाऱ्यावर भाजून, त्यात कच्चा कांदा, मिरची, कोथिंबीर आणि दही घालून भरीत करणाऱ्या घराला यातले तत्त्व नव्याने शिकावे लागत नाही. आधी भाजणे, मग आंबट, शेवटी कच्चा पाला हा क्रम दोन्हीकडे तोच आहे. कोशिंबीर कच्च्याचीच असते हेही खरे नाही, कारण उकडलेल्या बटाट्याची दह्यातली कोशिंबीर मराठी ताटात जुनीच आहे.

परका म्हणायचा तर बटाटाच परका. एकादशीला चालतो म्हणून तो पुराणकाळापासूनचा, ही समजूत फार घट्ट बसली आहे. बटाट्याचे मूळ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात आहे. तो पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आला आणि मराठीतले ‘बटाटा’ हे नावही पोर्तुगीजच आहे. शेंगदाणा, मिरची, रताळे आणि ज्याच्यापासून आपल्याकडे साबुदाणा होतो तो कसावा, हे सगळेही अमेरिकेतलेच. उपवासाचे ताट बरेचसे अमेरिकी आहे, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. सातारा जिल्ह्यात बटाट्याला लवकर जागा मिळाली ती महाबळेश्वरात. १८२९ च्या सुमारास इंग्रजांनी ते थंड हवेचे ठिकाण म्हणून वसवले. तिथल्या तुरुंगातले चिनी कैदी विलायती भाज्या आणि बटाटे पिकवीत. आज जिल्ह्यात बटाट्यासाठी नाव घेतले जाते ते खटाव तालुक्यातल्या पुसेगाव भागाचे. तिथे हे पीक खरिपात घेतात.

‘बटाटा तो बटाटा, कुठलाही चालतो’ हा गैरसमज या पदार्थात सर्वांत महाग पडतो. सुकट बटाट्यात पिष्ट जास्त असते. तो शिजल्यावर भुसभुशीत होतो आणि कडा खरपूस धरतो. ओलसर बटाट्यात पाणी अधिक असते, म्हणून त्याची फोड अखंड राहते पण कुरकुरीतपणा बेताचाच येतो. वेफर्ससाठी काढलेल्या ‘कुफरी चिप्सोना’ जातींत सुका अंश मुद्दाम जास्त ठेवलेला आहे, तर लवकर येणारा ‘कुफरी पुखराज’ पाणीदार आहे. मंडईत जात सांगणारा विक्रेता क्वचितच भेटतो. अशा वेळी घरी परीक्षा करता येते. एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवून त्यात बटाटा सोडावा. बुडाला तर सुकट, तरंगला तर ओलसर. भाजायला बुडणारा घ्यावा. नव्या पिकाचे, पातळ सालीचे, बोराएवढे बटाटे हा अपवाद आहे. ते ओलसर असूनही सालीसकट भाजले की गोड लागतात.

बटाटा फ्रीजमध्ये जास्त टिकतो, हे वरवर पटणारे विधान भाजण्याच्या दृष्टीने उलटे आहे. सुमारे ८ अंश सेल्सिअसच्या खालच्या थंडीत बटाट्यातल्या पिष्टाची साखर होऊ लागते. अशी फोड आत शिजायच्या आधीच बाहेर काळपट पडते. शिवाय १२० अंशांच्या वर तापलेल्या पिष्टमय पदार्थांत अ‍ॅक्रिलामाइड हा नकोसा घटक तयार होतो, हे २००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवले. साखर जास्त आणि रंग गडद, तितके त्याचे प्रमाण जास्त. म्हणून बटाटे अंधाऱ्या, हवेशीर कोपऱ्यात ठेवावेत आणि भाजताना सोनेरी रंगावर थांबावे. ‘करपलेलंच चवदार’ हे इथे लागू नाही.

अंधारा कोपरा सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. उजेडात बटाटा हिरवा पडतो. तो हिरवा रंग हरितद्रव्याचा, म्हणजे निरुपद्रवी असतो. मात्र त्याच्याबरोबर सोलॅनिनसारखी कडू विषारी द्रव्ये वाढलेली असतात. चांगले उकळले की ती जातात असे मानतात, पण घरगुती आचेला ती पुरेशी नष्ट होत नाहीत. हिरवा भाग आणि कोंब खोलवर कापून काढावेत. बटाटा सगळाच हिरवा आणि कडू असेल तर फेकून द्यावा. ‘सगळे सत्त्व सालीतच’ हेही अतिशयोक्त आहे. सालीत तंतू भरपूर असतात, पण जीवनसत्त्व क आणि पोटॅशियम यांचा मोठा भाग गरातच असतो.

फोडी थेट भाजाव्यात की आधी उकडाव्यात, यावर घरोघरी मते वेगळी. दोन्ही जमते, पण अर्धवट उकडून भाजलेली फोड अधिक कुरकुरीत होते. उकडताना पृष्ठभागावरचे पिष्ट फुगते. मग पाणी निथळून भांडे हलकेच झटकले की कडा खरबरीत होतात आणि तोच खरबरीतपणा पुढे खरपूस होतो. फोडी थंड मिठाच्या पाण्यात घालून तापवाव्यात. उकळत्या पाण्यात टाकल्या तर बाहेरचा गर विरघळतो आणि मध्य कच्चा राहतो. दोन लिटर पाण्याला अर्धा चमचा खाण्याचा सोडा घातला की कडा आणखी सैल होतात. आंबटाचे काम याच्या नेमके उलट चालते. चिंच किंवा आमसूल आधी घातले तर बटाटा शिजत नाही, हे आमटी करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असते. फोडींना धरून ठेवणारे पेक्टिन आम्लात घट्ट होते, म्हणून लिंबू भाजल्यानंतरच.

ओव्हन नसेल तर हा पदार्थ होत नाही, असे नाही. २०० अंशांच्या ओव्हनमध्ये उकडलेल्या फोडींना पाऊण तास लागू शकतो. जाड बुडाच्या लोखंडी तव्यावर दोन चमचे शेंगदाणा तेलात मध्यम आचेवर त्याहून कमी वेळ पुरतो. अट एकच, फोडी एका थरात आणि सुट्या हव्यात. तवा गच्च भरला की सुटणाऱ्या वाफेत त्या भाजण्याऐवजी उकडत बसतात. झाकण ठेवल्यावर आणि सारखे ढवळत राहिल्यावरही तेच होते. एक बाजू रंगेपर्यंत फोड जागची हलवू नये. चुलीच्या राखेत अख्खे भाजलेले बटाटे सोलून फोडले तरी कोशिंबीर होते. कुरकुरीतपणा नसतो, पण धुराचा वास असतो, आणि चवीत ती कदाचित सरसच ठरते.

खरा घोळ पाल्याचा आहे. पाककृतीत ‘हर्ब्ज’ शब्द आला की पार्सली, डिल, थाइम शोधायला मोठ्या शहरात जावे लागेल असे वाटते. यातले डिल म्हणजे आपला शेपूच. युरोपच्या उत्तरेकडे आणि रशियात नव्या बटाट्यावर हाच पाला भुरभुरतात. भारतीय शेपू थोडा उग्र असतो, इतकाच फरक. आपल्याकडे तो मुगाच्या डाळीबरोबर शिजवून वास घरभर करतात आणि मग मुले नाक मुरडतात. कच्चा, बारीक चिरलेला, मूठभर शेपू कोमट बटाट्यावर अगदी वेगळा लागतो. कुंडीतले जाड, लवदार ‘ओव्याचे पान’ ओव्याच्या झाडाचे नसते. ती निराळी वनस्पती आहे. तिच्यात कार्व्हॅक्रॉल आणि थायमॉल ही द्रव्ये असल्याने थाइम आणि ओरेगॅनोची जागा ती सहज घेते. दोन पाने पुरे. बेसिलऐवजी तुळस घालावी हा सल्ला मात्र फसवा आहे. दोघी एकाच कुळातल्या, पण बेसिल म्हणजे ज्याचे बी आपण सरबतात घालतो तो सब्जा. तुळशीला लवंगेसारखा वास असतो.

पाला लवकर घातला की स्वाद मुरतो, ही समजूत वाळक्या मसाल्यांवरून आलेली. कोथिंबीर, पुदिना, शेपू यांचा सुगंध हलक्या तेलांत असतो आणि आचेवर तो उडून जातो. मागे उरतो काळपट चोथा. कढीपत्ता मात्र तेलात तडतडू द्यावा लागतो, कारण त्याचे पान चिवट असते. पाला धुऊन पूर्ण कोरडा करावा, धारदार सुरीने वाढण्याच्या आधी चिरावा. कोथिंबिरीचे कोवळे देठ टाकण्याची सवय सोडलेली बरी. पानांपेक्षा त्यांत स्वाद कमी नसतो. अर्धा किलो बटाट्याला चिरलेला पाला वाटीभर लागतो. चिमूटभर पाला घातला तर ती निव्वळ सजावट होते.

सॅलड थंड बटाट्यात कालवावे, हेही चुकीचे. कोमट फोड लिंबाचा रस, मीठ, मिरपूड आणि चमचाभर कच्चे तेल आत ओढून घेते, तर गार झालेल्या फोडीवर ते नुसते वर राहते. दही किंवा चक्का घालायचा तर मात्र फोडी थोड्या निवू द्याव्यात, नाहीतर दही फाटते. दाण्याचे जाडसर कूट आणि तासगावकडचे बेदाणे यांत चांगले बसतात. उपवासाला करायची असेल तर मिरी, जिरे आणि लिंबू पुरेत. कोथिंबीर चालते की नाही ते घरच्या रितीवर.

बटाट्याने वजन वाढते, हा आरोप बहुधा तेलाचा असतो. उकडलेल्या १०० ग्रॅम बटाट्यात ऊर्जा ८०-९० किलोकॅलरीच असते, बाकी बहुतांश पाणी. शिजवून गार केल्यावर काही पिष्ट पचनाला अवघड रूप घेते आणि आंबटामुळेही रक्तातली साखर जरा सावकाश चढते. फरक मर्यादित आहे, मधुमेही व्यक्तीला त्यावर हवा तेवढा बटाटा खाता येत नाही.

सॅलड नासते ते अंड्याच्या मेयोनीजमुळे, असे सांगतात. विकतचे मेयोनीज आंबट असल्याने सहसा दोषी नसते. जंतूंना मानवतो तो ओलसर, आंबटपणा नसलेला शिजका बटाटाच. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एल पासो शहरात फॉइलमध्ये गुंडाळून भाजलेले आणि तसेच बाहेर ठेवलेले बटाटे एका पदार्थात वापरले गेले. त्यातून ३० जणांना बॉट्युलिझमची विषबाधा झाली. भाजताना बटाट्याचा गाभा १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे ही विषबाधा करणाऱ्या जंतूचे बीजाणू जिवंत राहतात, आणि हवा नसलेल्या फॉइलच्या आत ते वाढतात. म्हणून फॉइल लगेच काढावे आणि उरलेले दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे. दुसऱ्या दिवशीसाठी पाला न घातलेल्या फोडीच वेगळ्या काढून ठेवल्या, तर तव्यावर पुन्हा परतून त्यांवर ताजी कोथिंबीर चिरता येते.