गाठ, घर आणि गिरणी : १८९६च्या प्लेगचे अर्थकारण, राजकारण आणि आरोग्यकारण

मुंबईत १८९६ साली सुरू झालेली प्लेगची साथ पुढची पंचवीस वर्षे देशभर फिरत राहिली आणि तिने एक कोटीच्या आसपास माणसे नेली. सर्वाधिक मृत्यू पुढच्या काळातले, विशेषतः १९०७च्या सुमाराचे आणि पंजाबातले. परंतु कायदा, गिरणीतील मजुरीचा व्यवहार, शहराची रचना आणि राजकारण यांवर या साथीचा जो ठसा उमटला तो मुख्यतः मुंबई-पुण्यातल्या पहिल्या दोन-तीन वर्षांत, आणि तो उमटायला खुद्द रोगापेक्षा रोगाविषयीचे अज्ञान व त्या अज्ञानापोटी केलेली सक्ती या दोन गोष्टी अधिक कारणीभूत झाल्या.

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी बंदरालगतच्या धान्याच्या वखारी आणि दाटीवाटीच्या चाळी यांत तापाने व जांघेत, काखेत येणाऱ्या गाठींनी माणसे दगावू लागली. मूळचे गोव्यातील हडफड्याचे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. हाँगकाँगमध्ये १८९४ साली येर्सिन आणि किटासाटो यांनी या रोगाचा जंतू शोधला होता, त्यामुळे रोग कशाने होतो हे विज्ञानाला ठाऊक होते. तो एका शरीरातून दुसऱ्या शरीरात कसा जातो हे मात्र ठाऊक नव्हते, आणि पुढच्या सगळ्या अनर्थाचे मूळ या दोन गोष्टींमधल्या अंतरात आहे. घाण, ओल आणि कोंदट हवा यांतून रोग उपजतो, ही जुनी समजूत नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांच्या मनात पक्की होती. गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिकने धुतली गेली. ऊन आत यावे म्हणून घरांची कौले उतरवली गेली, जमिनी उकरल्या गेल्या, भिंतींना चुना फासला गेला, कपडे आणि अंथरुणे जाळली गेली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही तीन इंग्रजी अक्षरे रंगवली जात. ज्या भाडेकऱ्याला ती वाचता येत नव्हती, त्यालाही त्यांचा अर्थ कळत होता : बिऱ्हाड हलवायचे.

लोकांनी बिऱ्हाडे हलवली ती शहराबाहेर. १८९१च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या घरात होती. १८९७ उजाडल्यावर काही आठवड्यांतच जवळपास निम्मी मुंबई रिकामी झाली. कोकणचा गिरणीकामगार आगबोटीने रत्नागिरीकडे, घाटावरचा रेल्वेने आपल्या गावी निघाला. कल्याणसारख्या स्थानकांवर उतारूंना उतरवून त्यांच्या काखा-जांघा चाचपल्या जात होत्या, आणि बायकांची अशी तपासणी उघड्यावर होणे हा लोकांच्या संतापाचा मोठा विषय होता. त्याच वर्षी दख्खनमध्ये दुष्काळ होता. म्हणजे गावी पोचलेल्या कुटुंबापुढे शहरातला रोग टळला तरी घरातली रिकामी कणगी उभी होतीच.

गिरण्यांच्या अर्थव्यवस्थेवर या पलायनाचा परिणाम मालकांना अनपेक्षित होता. एरवी कामगाराचा एका महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात कधीतरी हाती पडे, आणि हा अडकवून ठेवलेला पगार हीच त्याला बांधून ठेवणारी दोरी असे. माणसेच मिळेनाशी झाल्यावर उरलेल्या कामगारांनी रोजच्या रोज मजुरी मागितली आणि मालकांना ती द्यावी लागली. काही ठिकाणी तर भर रस्त्यात एका गिरणीचा माणूस दुसऱ्या गिरणीपेक्षा चढी मजुरी बोलून कामगार पळवू लागला. साथ ओसरल्यावर मालकांनी जुनी पद्धत पुन्हा आणण्याची खटपट केली, पण आपल्या श्रमाची बाजारात काय किंमत होऊ शकते हे कामगाराने एकदा पाहिले होते. मुंबईच्या कामगार चळवळीच्या इतिहासात या काही महिन्यांना जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळत नाही.

व्यापाराचे गणित वेगळे होते. मुंबईहून येणारी जहाजे युरोपीय बंदरांनी अडवायला सुरुवात केली आणि १८९७च्या आरंभी व्हेनिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत ब्रिटिश सरकारवर दडपण आले. साथ आटोक्यात आणण्यासाठी आपण कठोर पावले उचलत आहोत हे जगाला दाखवणे सरकारला भाग होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी घाईने संमत झालेला साथरोग अधिनियम या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने सरकारला आवश्यक वाटतील ते हुकूम काढण्याची, प्रवाशांची तपासणी करण्याची, संशयितांना विलग ठेवण्याची मुभा दिली, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा ठेवली आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध दाव्याची वाट बंद केली.

पुण्यात या अधिकारांचा वापर वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने केला. १३ मार्च ते १९ मे १८९७ या काळात आठशेहून अधिक लष्करी माणसे शहरात झडतीच्या कामावर होती. गोरे शिपाई माजघरात, स्वयंपाकघरात, देवघरात शिरत. रोग्याला इस्पितळात आणि त्याच्या घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेले जाई. शिपायांच्या वागणुकीविषयीच्या तक्रारी ‘केसरी’त आणि ‘मराठा’त येत राहिल्या, इस्पितळातील स्त्रियांच्या हालांबद्दल पंडिता रमाबाईंनीही जाहीर आवाज उठवला. २२ जून १८९७च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या समारंभानंतर, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाले, रँड ३ जुलैला मरण पावले. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे चापेकर बंधू आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे फाशी गेले. टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली, नातू बंधू खटल्याविना स्थानबद्ध झाले, आणि शिपायांच्या वागणुकीविषयी विलायतेत केलेले आरोप पुराव्याने सिद्ध करता न आल्यामुळे गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. आरोग्य खात्याच्या एका मोहिमेतून महाराष्ट्राच्या राजकारणाचे वळण बदलले.

सक्तीचा वैद्यकीय परिणामही उलटाच झाला. इस्पितळ म्हणजे मरणाचे दार असा समज पसरला आणि ऑक्टोबर १८९६मध्ये गिरणीकामगारांच्या जमावाने मुंबईच्या आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. घरोघरी रोगी लपवले जाऊ लागले, म्हणजे ज्यांना शोधायचे तेच नजरेआड झाले. निरनिराळ्या समाजांना स्वतःची प्लेग-इस्पितळे उघडू दिल्यावर माणसे दाखल होऊ लागली, आणि पुण्यात टिळकांनीही हिंदू इस्पितळ काढण्यात पुढाकार घेतला. त्याआधीच, हडपसरजवळ ससाणे मळ्यात डॉ. यशवंतराव फुले यांनी चालवलेल्या दवाखान्यात सावित्रीबाई रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आलेल्या सावित्रीबाईंना रोगाची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुण्यातल्या लष्करी झडत्या सुरू व्हायला तेव्हा तीन दिवस बाकी होते.

लशीची कथाही विश्वासाचीच आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत उष्णतेने मारलेल्या जंतूंची लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली आणि नंतर भायखळा तुरुंगातील तयार झालेल्या कैद्यांना दिली. तिच्याविषयी अफवा उठल्या, तेव्हा तिसरे आगाखान यांनी लोकांदेखत ती पुन्हा पुन्हा टोचून घेतली आणि त्यांचे अनुयायी पुढे आले. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नर-निवासात गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच.

प्रसाराचे कोडे सुटायला अजून अवधी होता. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत उंदरावरील पिसवांकडे बोट दाखवले, पण त्यांचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी प्लेगग्रस्त घरांत गिनीपिग सोडले. घरातले उंदीर मेल्यावर भुकेल्या पिसवा त्यांच्या अंगावर चढल्या, आणि त्या उंदरावरच्या पिसवा होत्या. गावोगावच्या शेतकऱ्यांना यातला अर्धा भाग आधीच अनुभवाने कळला होता : उंदीर पडू लागले की गाव उठून माळावर झोपड्या घालून राहायला जाई, आणि रोगग्रस्त उंदरांपासून दूर जाणे हाच त्या काळातला सर्वांत परिणामकारक उपाय होता. सरकारी छावणी आणि माळावरची झोपडी यांत वैद्यकीय फरक थोडा होता. एकीत माणूस ओढून नेलेला असे, दुसरीत तो आपल्या भाऊबंदांसह स्वतः गेलेला असे.

शहराच्या पुनर्रचनेसाठी १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई सुधारणा विश्वस्त मंडळाने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते आणि दादर-माटुंग्याच्या वसाहती दिल्या. परंतु गरिबांच्या पाडलेल्या खोल्यांच्या बदल्यात पुरेशा खोल्या उभ्या राहिल्या नाहीत, आणि विस्थापित माणसे शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागली.

त्या वेळचा साथरोग अधिनियम अजून हयात आहे. मार्च २०२०मध्ये महाराष्ट्रात कोरोनाच्या साथीत तोच लागू करण्यात आला, आणि त्याच वर्षी केलेल्या दुरुस्तीने आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना कडक शिक्षा ठेवण्यात आली, ते योग्यच झाले. मात्र विलग केलेल्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीविषयी किंवा रोग्याच्या हक्कांविषयी त्या कायद्यात आजही एक कलम नाही.