पिकअपची चिप आणि क्लचचा भार

आलापल्ली-भामरागडच्या जंगलवाटेवर धानाचे कट्टे आणि तेंदूपत्त्याचे बोद वाहणारी डिझेल पिकअप चढणीवर दमू लागली, की चालकास जिचा मोह पडतो ती ‘चिप’ म्हणजे बहुधा इंजिनाच्या नियंत्रक संगणकातील, डिझेल केव्हा, किती व कोणत्या दाबाने फवारावे आणि टर्बोने हवा किती कोंबावी, या कोष्टकांत केलेला फेरफार होय. टॉर्क वाढतो, हे निःसंशय. परंतु हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत त्या वाढीव जोराची पहिली वसुली क्लचप्लेटकडून होते: चौथ्या गिअरमध्ये भरल्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबताच इंजिनाच्या फेऱ्या चढतात, वेग मात्र तेवढाच राहतो, आणि जळक्या अस्तराचा उग्र दर्प केबिनमध्ये शिरतो. हवेच्या मानाने डिझेल अधिक झाले तर काळा धूर निघतो आणि तापमानही चढते. चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात टर्बोस तो अतिरिक्त ताप सोसवणे कठीणच. शिवाय १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध फेरबदलास मनाई करते, आणि १ एप्रिल २०२० पासून अंमलात आलेल्या बीएस-६ प्रदूषण मर्यादांचा हिशेबही या फेरफाराने चुकतो. चिप विकणारे सहसा सांगत नाहीत, पण मुरमाच्या लाल धुळीने कोंदलेला एअर फिल्टर बदलला आणि भार परवान्याइतका ठेवला, तर पुष्कळदा चढणीची तक्रार तिथेच मिटते.